खाऱ्या वाऱ्यातला लोअर आर्म : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

गणपती झाले, पाऊस ओसरला आणि या सदराकडे आलेल्या प्रश्नांत पुढच्या चाकाखालच्या खडखडीचेच प्रश्न जास्त निघाले. गाड्या बहुतेक दहा-पंधरा वर्षं वापरलेल्या छोट्या सेडान : डिझायर, अ‍ॅक्सेंट, फिएस्टा, इंडिगो. या सगळ्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. म्हणजे वर स्प्रिंगसह शॉकअप आणि खाली चाकाला धरून ठेवणारा एकच लोअर आर्म. म्हणून उत्तरं या सगळ्याच गाड्यांना जवळपास सारखी लागू पडतील. बोल्टचे माप आणि टॉर्कचे (बोल्ट किती जोराने आवळायचा त्याचे) आकडे मात्र ज्या त्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्यावेत, शेजारच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नये.

प्रश्न : माझी २०१० ची डिझेल सेडान १ लाख ४० हजार किलोमीटर चालली आहे. छोट्या खड्ड्यांत उजव्या पुढच्या चाकाकडून टकटक येते. एका गॅरेजमध्ये गाडी न उचलताच दोन्ही लोअर आर्म, शॉकअप, लिंक रॉड सगळं बदलायला सांगितलं. खरंच एवढं लागेल का? (रत्नागिरी)

उत्तर : गाडी उचलल्याशिवाय हे कोणालाच सांगता येणार नाही. एकही पार्ट अजून विकत घेऊ नका.

आवाज कधी येतो ते आधी नीट ऐका. हळू चालताना बारीक, लागोपाठच्या खड्ड्यांवर टकटक येत असेल तर पहिला संशय लिंक रॉडवर, म्हणजे अँटीरोल बारला (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या आडव्या दांडीला) आर्म किंवा शॉकअपशी जोडणाऱ्या छोट्या दांडीवर. ब्रेक दाबताना किंवा पहिल्या गिअरमधून रिव्हर्स टाकताना एकदाच ‘टक्’ होत असेल तर लोअर आर्मचा मागचा बुश (आर्म गाडीला जोडणाऱ्या जागेतला रबरी तुकडा). उभ्या गाडीचं स्टीअरिंग फिरवताना स्प्रिंग उडाल्यासारखा आवाज येत असेल तर शॉकअपच्या वरचं माउंटिंग किंवा त्यातलं बेअरिंग. लिंक रॉडची खात्री करणं सोपं आहे. दोन्ही बाजूंचे लिंक रॉड सोडवून अँटीरोल बार कुठे लागणार नाही असा बांधा आणि रिकाम्या रस्त्यावर ताशी २० च्या वेगाने थोडी गाडी फिरवा. आवाज गेला तर दोष लिंकचाच. या वेळी वळणावर गाडी जास्त कलते, म्हणून वेग वाढवू नका.

आता लोअर आर्म. त्यात झिजणाऱ्या जागा तीनच : गाडीच्या बाजूचे दोन बुश आणि चाकाच्या बाजूचा बॉल जॉइंट (वाटीत फिरणारा गोळा). मॅकफर्सन रचनेत गाडीचं वजन शॉकअपमधून थेट नकलवर (चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी भागावर) येतं, खालच्या बॉल जॉइंटवर ते पडत नाही. त्यामुळे बॉल जॉइंट चाक हवेत लटकवून तपासायचा. चाक वर आणि खाली धरून (घड्याळात १२ आणि ६ असतात तिथे) आत-बाहेर हलवा. दुसऱ्याने बॉल जॉइंटवर बोट ठेवावं, ढिलेपणा असेल तर बोटाला लगेच कळतो. मग आर्म आणि नकल यांच्यामध्ये पहार घालून हलकेच उचकटून पाहा. चाक हलत असेल पण ब्रेक दाबून धरल्यावर हलणं थांबत असेल तर दोष चाकाच्या बेअरिंगचा आहे. ३ आणि ९ च्या जागी धरल्यावरच हलत असेल तर टायरॉड एंड (स्टीअरिंगच्या दांडीचं चाकाकडचं टोक) पाहा.

बुशसाठी गाडी जमिनीवर, इंजिन चालू. चालवणाऱ्याने ब्रेक दाबून ठेवून पहिला गिअर आणि रिव्हर्स आलटून-पालटून हलका क्लच सोडावा. पाहणाऱ्याने बाजूला, चार-पाच फूट लांब उभं राहावं. गाडीच्या पुढे किंवा मागे कधीच नाही. चाक मडगार्डच्या आत स्पष्ट पुढे-मागे सरकताना दिसलं की बुश गेला. रबराच्या वरवरच्या बारीक भेगा चालतात. रबर आतल्या नळीपासून सुटलेलं दिसलं तर मात्र चालत नाही.

कोकणासाठी एक गोष्ट आम्ही ठामपणे सांगू : बॉल जॉइंटचा रबरी बूट फाटलेला असेल तर जॉइंट आज घट्ट वाटला तरी तो गेलाच समजा. आत लाल माती आणि खारं पाणी शिरलं की ग्रीसची किसण्याची पेस्ट होते. बॉल सॉकेटमधून निसटला तर चाक बाहेर फाकतं आणि गाडी जागेवर बसते. घाटात असं होण्याची वाट पाहू नये.

बॉल जॉइंट एकाच बाजूचा गेला असेल तर एकच आर्म बदलला तरी हरकत नाही. बुश मात्र दोन्ही बाजूंचे बरोबरीने म्हातारे होतात, तिथे जोडी बदलणं शहाणपणाचं.

प्रश्न : फक्त बुश बदलून घ्यावेत की पूर्ण आर्म? (राजापूर)

उत्तर : बॉल जॉइंट आर्ममध्येच बसवलेला असेल आणि तोही ८०-९० हजार किलोमीटर चाललेला असेल, तर पूर्ण आर्म घ्या. बुश काढायला-बसवायला हायड्रॉलिक प्रेस लागतो. हातोड्याने ठोकून बसवलेला बुश तिरका बसतो, शिवाय पत्र्याच्या आर्मचं भोक लांबट होतं. मागच्या बुशला दिशा असते, रबरातल्या पोकळ जागा ठरावीक बाजूलाच यायला हव्यात. जुना बुश काढण्यापूर्वी आर्मवर खूण केली नसेल तर नवा चुकीचा बसायला वेळ लागत नाही. प्रेस जवळ असेल, आर्म गंजाने खाल्लेला नसेल आणि बॉल जॉइंट ठणठणीत असेल, तेव्हाच नुसते बुश परवडतात.

प्रश्न : घरच्या अंगणात स्वतः आर्म बदलायचा आहे. हत्यारं कोणती लागतील आणि काम कोणत्या क्रमाने करावं? (मालवण)

उत्तर : आधी जमिनीचा विचार करा. पावसानंतर लाल माती वरून सुकलेली दिसली तरी आत मऊ असते आणि जॅक एका बाजूने रुततो. जॅकखाली आणि प्रत्येक घोडीखाली (उचललेली गाडी टेकवायच्या स्टँडखाली) दोन इंच जाड, फूटभर रुंद फळी ठेवा. चिऱ्यावर गाडी टेकवून खाली कधीही शिरू नका. जांभा दगड भिंतीत पसरलेलं वजन पेलतो, पण एका टोकावर भार आला की भुगा होऊन फुटतो.

हत्यारं : जॅक, दोन मजबूत घोड्या, १४, १७, १९ आणि २१ चे सॉकेट, अर्ध्या इंची लांब दांडी, टॉर्क पाना, तीन फुटी पहार, किलोभर वजनाचा हातोडा, जाड छिन्नी, तारेचा ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे, कॉपर ग्रीस. आर्म उचलायला आणखी एक छोटा जॅक असला तर काम निम्म्याने सोपं होतं. नवे बोल्ट आणि नायलॉनचे लॉकनट आर्मबरोबरच मागवा. नायलॉन नट एकदा काढला की त्याची पकड कमी होते.

किनाऱ्यावरच्या गाडीचं काम दोन दिवस आधी सुरू होतं. बोल्टचे दिसतील तेवढे आटे तारेच्या ब्रशने घासून साफ करा आणि सकाळ-संध्याकाळ स्प्रे मारत राहा. घासल्याशिवाय मारलेला स्प्रे मातीच्या थरावरच राहतो.

कामाच्या दिवशी गाडी सपाट जागी उभी करा आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. हा आकडा शेवटी लागणार आहे. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, चाकांचे नट जमिनीवरच थोडे सैल करा, मग पुढची दोन्ही चाकं उचलून घोड्यांवर ठेवा. एकच चाक उचललं तर अँटीरोल बार पिळलेला राहतो आणि लिंक सोडवताना झटका देतो. ही लिंक काही गाड्यांत आर्मला असते, काहींत शॉकअपला. शॉकअपला असेल तर तिला हात लावायची गरज नाही.

बॉल जॉइंट दोन प्रकारे बसवलेला असतो. पहिल्या प्रकारात नकलच्या चिरलेल्या भोकात जॉइंटची दांडी शिरते आणि आडवा बोल्ट तिला आवळतो. दांडीला खाच असते आणि बोल्ट त्या खाचेतून जातो, म्हणून बोल्ट नुसता सैल करून भागत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो. हे न कळल्यामुळे तासभर हातोडा मारत बसणारे पुष्कळ आहेत. बोल्ट निघाला की चिरेत छिन्नी हलकी ठोकून ती किंचित फाकवा. किंचितच, जास्त फाकवली तर नकलला तडा जातो. मग पहारीने आर्म खाली दाबा. दुसऱ्या प्रकारात निमुळती दांडी आणि स्प्लिट पिन लावलेला नट असतो. पिन काढा, नट सैल करून दोन-तीन आट्यांवर ठेवा आणि हातोडा दांडीवर न मारता नकलच्या कानावर बाजूने मारा. दोन-चार ठोक्यांत टेपर सुटतो आणि नट असल्यामुळे आर्म अंगावर येत नाही.

दांडी सुटताक्षणी नकल बाहेर झुकते. तिला लगेच तारेने शॉकअपजवळ बांधा. ती बाहेर ओढली गेली तर ड्राइव्ह शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून चाक फिरवणाऱ्या दांडीचा) आतला जॉइंट निसटतो आणि मग गिअरबॉक्सच्या बाजूचं कामही वाढतं. ब्रेकचा रबरी पाइप आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना, तेही पाहा.

आता आतले बोल्ट : पुढचा आडवा, मागचा बहुधा उभा किंवा ब्रॅकेटचा. आधी दोन्ही सैल करा, मग एकेक काढा. काही मॉडेलांत डाव्या बाजूचा बोल्ट गिअरबॉक्सला अडतो, तेव्हा लाकूड मध्ये घालून इंजिन थोडं उचलावं लागतं.

नवा आर्म लावण्यापूर्वी जुन्याच्या शेजारी ठेवून पाहा : दोन बुशमधलं अंतर, बॉल जॉइंटचा कोन, डावा-उजवा. दुकानातून उलट्या बाजूचा आर्म येणं ही रोजची गोष्ट आहे. ब्रॅकेटची आतली बाजू ब्रशने साफ करून तडे पाहा. बोल्टच्या गुळगुळीत भागाला कॉपर ग्रीस लावा. आट्यांना लावू नका, कारण ग्रीस लागलेल्या आट्यांवर त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. सगळे बोल्ट आधी हाताने पाच-सहा आटे बसवा. बॉल जॉइंटची दांडी नकलमध्ये पूर्ण शिरली, खाच जुळली की आडवा बोल्ट हाताने सरकून जातो. ठोकावा लागत असेल तर दांडी बसलेली नाही. थांबा आणि पुन्हा बसवा. हा बोल्ट लगेच टॉर्कप्रमाणे आवळा.

बुशचे बोल्ट मात्र चाक लटकलेलं असताना आवळायचे नाहीत. आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली, रबरी बूट टाळून, छोटा जॅक लावा आणि हबच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतचं अंतर लिहून ठेवलेल्या आकड्याएवढं होईपर्यंत उचला. गाडी घोडीवरून उठायला लागली तर तिथेच थांबा, घोडी काढू नका. तेवढं अंतर मिळालं नाही तर अंतिम आवळणी खड्डा असलेल्या गॅरेजमध्ये, चाकं जमिनीवर असताना करून घ्या. तिथपर्यंत बोल्ट फक्त हलके आवळून, अगदी सावकाश न्या.

चाकाचे नट समोरासमोर आवळा. या वर्गातल्या गाड्यांत साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटर लागतात. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर सगळं पुन्हा तपासा. व्हील अलाइनमेंट त्याच आठवड्यात करून घ्या.

प्रश्न : पुढचा आडवा बोल्ट फिरतो, पण बाहेर येत नाही. पाना सोडला की थोडा उलटही फिरतो. आता काय? (गुहागर)

उत्तर : बोल्ट बुशच्या आतल्या लोखंडी नळीत गंजून एकजीव झाला आहे. तुम्ही बोल्टबरोबर नळीही फिरवताय आणि रबर ती मागे ओढतंय. समुद्रावरच्या गाड्यांत लोअर आर्मच्या कामाचा खरा वेळ इथेच जातो. नळी आणि बोल्ट यांच्यातल्या केसाएवढ्या फटीत खारी ओल शिरते आणि वर्षानुवर्षं सुकत नाही.

जोर वाढवण्यापूर्वी नट कुठे आहे ते पाहा. तो सबफ्रेमच्या (आर्म ज्याला लागतो त्या पोकळ लोखंडी चौकटीच्या) आत वेल्ड केलेला असेल तर दांडीला लांब पाइप लावून हिसके देऊ नका. वेल्ड सुटला की नट आतच गरगर फिरतो आणि मग सबफ्रेमला खिडकी कापावी लागते. बोल्ट अर्धा फेरा सैल, पाव फेरा घट्ट, असा पुढे-मागे करत, मध्ये स्प्रे मारत फिरवा. हवेची गन असेल तर तिचे लहान लहान झटके लांब दांडीच्या जोरापेक्षा चांगले. रबर फाटलं तरी चालेल, आर्म भंगारातच जायचा आहे.

आटे सुटूनही बोल्ट नळीत अडकलेलाच राहिला तर कापणं हाच सरळ मार्ग. बुशची नळी आणि ब्रॅकेटचा कान यांच्यामधल्या फटीत पातळ पातं घालून दोन्ही बाजूंनी बोल्ट कापा. ग्रायंडर वापरायचा तर १ मिलिमीटरची डिस्क, डोळ्यांना चष्मा, आणि ब्रॅकेटचा कान कापला जाणार नाही एवढी सावकाशी. आर्म निघाला की नटमध्ये उरलेला तुकडा पकडीने फिरतो. नाही फिरला तर त्यावर दुसरा नट वेल्ड करून फिरवतात. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची वायर काढायला विसरू नका.

गॅसच्या ज्योतीने तापवण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. तिथून हातभर अंतरावर ब्रेकचा पाइप आणि ड्राइव्ह शाफ्टचा रबरी बूट असतो, बुशचं रबर धूर करत पेटतं, आणि काही गाड्यांत इंधनाची नळीही जवळून जाते. अंगणात हे करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

कापलेल्या बोल्टच्या जागी हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट घालू नका. जुन्याच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा असेल. तो, आट्यांचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) आणि गुळगुळीत भागाची लांबी, तिन्ही जुळायला हवं.

प्रश्न : आठ महिन्यांपूर्वी दोन्ही आर्म नवे टाकले. आता बुश फाटले आहेत. आंबोली घाटात नेहमी जावं लागतं, त्यामुळे असं झालं का? माल नकली असेल का? (सावंतवाडी)

उत्तर : माल हलका असू शकतो, पण दोन्ही बाजूंचे बुश आठ महिन्यांत फाटले असतील तर आधी आवळणीवर संशय घ्यावा.

हा बुश बेअरिंगसारखा फिरत नाही. रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. आर्म वर-खाली होतो तेव्हा रबर पिळलं जातं आणि परत सरळ होतं. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटमध्ये घट्ट धरली जाते. चाक हवेत लटकलेलं असताना आवळलं तर रबराची ‘सरळ’ अवस्था त्या लटकलेल्या कोनाला ठरते. गाडी खाली उतरवली की उभ्या गाडीतही ते पिळलेलंच राहतं, आणि प्रत्येक खड्डा त्या पिळात भर घालतो. लिफ्टवर गाडी असताना गनने सगळं एकदम आवळलं की नेमकं हेच होतं. घाटातल्या वळणांनी आणि ब्रेकनी ते लवकर उघड केलं, एवढंच.

नवे आर्म बसवताना समोर उभे राहा आणि चाकांवर वजन असतानाच शेवटची आवळणी करायला लावा. ज्यांचं काम अलीकडेच झालं आहे आणि बुश अजून शाबूत आहेत, त्यांनी गॅरेजच्या खड्ड्यावर गाडी घेऊन बुशचे बोल्ट सैल करावेत, गाडी दोन-तीनदा दाबून बसवावी आणि पुन्हा टॉर्कप्रमाणे आवळावेत. पंधरा मिनिटांचं काम आहे.

प्रश्न : जुलै २०२१ च्या पुरात उभी राहिलेली सेडान स्वस्तात मिळते आहे. मालक म्हणतात, ‘लोअर आर्म नवे टाकलेत.’ घ्यावी का? (चिपळूण)

उत्तर : आर्म नवे असोत, ते ज्या सबफ्रेमला लागतात ती पाहा. ती पोकळ असते आणि पुराचा गाळ आत बसला तर ओल धरून आतून पत्रा खातो. जाड स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत आणि टोकाने दाबून पाहत जा. खणखणीत आवाज हवा. बद्द वाजलं, पापुद्रे पडले किंवा टोक आत गेलं तर सबफ्रेमच बदलावी लागेल. तो खर्च किमतीत धरूनच बोला.

प्रश्न : पावसाळ्याआधी गाडीखाली जळकं ऑईल मारतो. त्याने बोल्ट गंजत नाहीत, पण बुश फुगल्यासारखे दिसतात. (देवगड)

उत्तर : ऑईलमुळेच फुगलेत. नैसर्गिक रबर खनिज तेल शोषून फुगतं, मऊ पडतं आणि नळीपासून सुटतं. जळकं ऑईल मारणं बंद करा. मेणासारखा अँटीरस्ट थर मारून घ्या, मारताना बुश आणि बॉल जॉइंटचे बूट कागदाने झाका आणि सबफ्रेमची पाणी निघायची भोकं मोकळी ठेवा.

त्याहून जास्त उपयोग धुण्याचा आहे. दाभोळ–धोपावे किंवा जयगड–तवसाळ फेरीबोटीच्या उतारावर चाकं खाडीच्या पाण्यातून गेली, किंवा कोणी हौसेने गाडी पुळणीवर नेली, तर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा. मडगार्डच्या आत, आर्मच्या वरच्या खोबणीत, सबफ्रेमच्या कडांना पाणी पोचू द्या. विहीर खाडीजवळची असेल तर आधी पाणी चाखून पाहा. मचूळ पाण्याने धुतलेल्या गाडीवर मीठ तसंच राहतं.